अर्धे सूत

आपल्याकडचा सुतार इंचाचे आठ भाग करतो आणि त्यातल्या एका भागाला सूत म्हणतो. ‘दोन सूत काढ’ एवढे त्याने हाताखालच्या पोराला सांगितले की रंधा किती फिरवायचा ते पोराला कळते. लहानपणी घरात कपाटे बनत होती तेव्हा हा शब्द मी रोज ऐकत असे. पुढे तो विसरून गेलो. तो पुन्हा आठवला २०११ साली, कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो शहरात, सर्फबोर्ड घडवणाऱ्या एका कारागिराच्या खोलीत. स्टँडवर आडव्या ठेवलेल्या पांढऱ्या फळीच्या कडेवरून त्यांनी तळवा फिरवत नेला, एका जागी थांबले आणि म्हणाले, “इथे इंचाचा सोळावा भाग जास्त आहे.” मी वाकून पाहिले, मला काही दिसले नाही. त्यांनी माझा हात धरून त्या जागेवरून फिरवला, तरी मला काही जाणवले नाही. अर्धे सूत, मी मनात म्हटले, आणि जे डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, त्यासाठी हा माणूस पुन्हा रंधा का उचलतो याचे नवल करत राहिलो. हा लेख त्या नवलाचाच आहे.

मी तिथे गिऱ्हाईक म्हणून गेलो होतो. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी लाटेवर उभे राहायला शिकत होतो. म्हणजे बहुतेक वेळ पाण्यात पडत होतो. माझ्याकडे होता तो बोर्ड थायलंडमधील एका कारखान्यात साच्यातून निघालेला, दुकानातून आणलेला होता. कोणीतरी या शेपरांचा पत्ता दिला. ‘शेपर’ हा त्या व्यवसायातला शब्द. बोर्डाला आकार देतो तो. (इंग्रजीत आम्ही एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतो. मराठीत लिहिताना मात्र त्यांच्यासाठी ‘ते’ आपोआप येते, आणि ते तसेच राहू देतो.) मला वाटले होते की ते चारदोन तयार बोर्ड दाखवतील. त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. वजन किती? उंची किती? कुठला पाय पुढे ठेवतोस? कुठल्या किनाऱ्यावर जातोस? आठवड्यातून किती वेळा, खरे सांग. लाट धरताना घाई होते की उशीर? कधी काही मोडले आहे का? माझा डावा गुडघा कॉलेजातल्या क्रिकेटपासून कुरकुरतो, हे मी डॉक्टरांनाही इतक्या तपशिलाने सांगितले नव्हते. एका कागदाच्या तुकड्यावर ते पेन्सिलीने लिहून घेत होते. अर्ध्या तासाने त्यांनी खाली तीन आकडे लिहिले : लांबी ७ फूट ४ इंच, रुंदी सव्वाएकवीस इंच, जाडी पावणेतीन इंच. माझ्या उत्तरांतून हे आकडे कसे निघाले, असे मी विचारले. ते म्हणाले, “तू बोलत होतास तेव्हा बोर्ड दिसला. आकडे नंतर मोजले.”

घडवताना पाहायचे असेल तर ये, पण बोलू नकोस, अशी परवानगी मिळाली. खोली अरुंद, भिंती गडद निळ्या. छतावरचा दिवा बंद. दोन्ही भिंतींवर कमरेच्या उंचीला लांब ट्यूबलाइट. उजेड बाजूने येतो म्हणून फळीवरच्या प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. वरून आलेला उजेड सगळे सपाट दाखवतो आणि फसवतो. मधोमध स्टँडवर ब्लँक, म्हणजे पॉलियुरेथेन फेसाचा ओबडधोबड ठोकळा. त्याच्या पोटातून नाकापासून शेपटीपर्यंत लाकडाची एक पातळ पट्टी जाते, तिला स्ट्रिंगर म्हणतात. प्लायवुडचा अर्ध्या बोर्डाचा साचा त्या पट्टीला लावून त्यांनी एका बाजूची रेघ मारली, साचा उलटून दुसऱ्या बाजूची. मग करवतीने बाह्यरेषा कापली. त्यानंतर विजेचा रंधा. स्किल कंपनीचे ‘१००’ हे मॉडेल. कंपनीने ते काढणे कधीच बंद केले आहे, पण जुने शेपर अजून ते शोधून, दुरुस्त करून वापरतात. कारण पाते किती खोल जावे हे रंधा चालू असतानाच हाताने बदलता येते. फेसाची वरची साल कठीण असते आणि आत तो मऊ होत जातो. म्हणजे जितके जास्त कोराल तितका बोर्ड दुबळा. चांगल्या शेपरची परीक्षा तो किती काढतो यात नसून किती राहू देतो यात असते.

रंध्यानंतर कानस, मग जाळीचा कागद, शेवटी नुसता तळवा. कडांना ‘रेल’ म्हणतात आणि खरे काम तिथे असते : पुढे कड गोल, मागे हळूहळू धारदार, आणि गोल कुठे संपून धार कुठे सुरू झाली ते बोटाने सांगता येऊ नये. बोर्ड बाजूने पाहिला तर त्याला जो बाक दिसतो तो ‘रॉकर’. तो जास्त झाला तर बोर्ड पाणी ढकलत राहतो, कमी झाला तर उभ्या लाटेवरून उतरताना नाक पाण्यात घुसते. दोन तास झाले. शेवटी त्यांनी स्ट्रिंगरजवळ पेन्सिलीने माझे नाव, तीन आकडे, स्वतःची सही आणि अनुक्रमांक लिहिला. नऊ हजारांच्या वरचा कुठलासा अंक होता. यावर फायबरग्लासचे कापड आणि रेझिन चढते आणि ती पेन्सिलीची सही काचेखाली राहावी तशी कायमची आत राहते.

आठवडाभराने मी आगाऊपणाने त्यांना विचारले, यातले नेमके तुमचे काय? साहित्याच्या विद्यार्थ्याला असले प्रश्न पडतातच. त्यांना राग आला नाही. बोटे मोजत म्हणाले : ब्लँक कारखान्यातून येतो आणि त्यात बाक आधीच बराचसा असतो. साचा माझ्या गुरूंच्या बोर्डावरून काढलेला, त्यांनी तो आणखी कोणाच्या बोर्डावरून काढला होता. कापड आणि रेझिन चढवणारा माणूस वेगळा, घासणारा वेगळा. खालचे तीन फिन तर सायमन अँडरसनचे. हाताची बोटे संपली.

हा सायमन अँडरसन कोण, ते थोडे विस्ताराने सांगायला हवे. सिडनीच्या उत्तरेकडील नॅराबीन किनाऱ्यावरचा हा शेपर आणि सर्फर. १९८० च्या सुमारास स्पर्धांमध्ये दोन फिनांच्या बोर्डांचे राज्य होते. मार्क रिचर्ड्स त्यावर १९७९ ते १९८२ सलग चार वर्षे जगज्जेता ठरला. पण अँडरसन उंच आणि वजनदार. त्याच्या मागच्या पायाखाली दोन फिनांचा बोर्ड मोठ्या लाटेवर निसटून जाई. १९८० च्या ऑक्टोबरमध्ये एका मित्राच्या दोन फिनांच्या बोर्डावर मागे मध्यभागी एक छोटासा अर्धगोल फिन त्याने पाहिला. त्याने तिसरा फिन इतर दोघांइतकाच मोठा केला, मागची बाजू थोडी रुंद ठेवली आणि ‘थ्रस्टर’ तयार झाला. १९८१ मध्ये त्याने बेल्स बीचची स्पर्धा प्रचंड लाटांत जिंकली, पुढे सिडनीची आणि वर्षाअखेरीस हवाईतील पाइपलाइनची. काही वर्षांत जवळजवळ सगळे जग तीन फिनांवर आले. अँडरसनने पेटंट घेतले नव्हते. एका भारी शरीराची अडचण सोडवण्यासाठी सुचलेले रूप, ज्यांना ती अडचण कधी नव्हतीच अशा लक्षावधी शरीरांखाली गेले, आणि त्याचा एक पैसाही हक्क म्हणून त्याच्याकडे आला नाही. वाङ्मयात छंद असेच पसरतात. ओवी पहिल्यांदा कोणी बांधली हे कोणाला ठाऊक नाही. इथे फरक एवढाच की बांधणाऱ्याचे नाव आपल्याला माहीत आहे.

अँडरसनच्याही मागे जायचे तर बॉब सिमन्सपाशी थांबावे लागते. अपघातात डावा हात कोपरात आखडलेला, कॅल्टेकमध्ये शिकलेला हा गणिती डोक्याचा माणूस वेगवान नौकांच्या तळांवरचे ग्रंथ वाचून बोर्ड बनवीत असे. लाकडाच्या जड फळ्यांच्या काळात त्याने फायबरग्लास आणि फेस वापरून पाहिले. १९५४ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, याच सॅन डिएगोच्या विंडन्सी किनाऱ्यावर तो बुडाला. १९५८ च्या सुमारास हॉबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फेस वापरात आणला आणि बाल्सा लाकूड मागे पडले. आणि या सगळ्यांच्या मागे हवाई बेटे. १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका वर्णनात असे येते की, फळीसाठी झाड निवडले की त्याच्या बुंध्याशी ‘कुमू’ नावाचा लाल मासा ठेवत. झाड पाडल्यावर मुळाशी खड्डा खणून तो मासा प्रार्थना म्हणत त्यात पुरत. घेतलेल्या लाकडाची ती भरपाई होती. मग दगडी वाकसाने तासणे आणि प्रवाळाने घासणे. आपण जे घडवतो ते आपण कोणाकडून तरी घेतलेले आहे, याची इतकी स्वच्छ कबुली मी दुसऱ्या कुठल्या कारागिरीत वाचलेली नाही.

या कबुलीची आठवण ठेवून ‘स्वतंत्र शेपर’ या शब्दाकडे पाहिले की तो थोडा डळमळतो. आमच्या शेपरांनी १९७० च्या दशकात कितीतरी वर्षे दुसऱ्यांच्या नावाने बोर्ड घडवले. बोर्डावर शिक्का मोठ्या नावाचा, पैसे नगावर, सही नाही. इंग्रजीत त्याला भुताचाच शब्द आहे, पुस्तके लिहून देणाऱ्याला असतो तसा. त्यांच्या हिशेबात नऊ हजारांतले निम्मे बोर्ड असे होते. पुढे त्यांनी स्वतःची खोली घेतली आणि आता आपण कोणाचे बांधील नाही असे त्यांना वाटले. ५ डिसेंबर २००५ रोजी, सोमवारी, हे वाटणे संपले. क्लार्कच्या लगुना निगेल येथील कारखान्याने आपल्या गिऱ्हाइकांना सात पानांचा फॅक्स पाठवला : उत्पादन आजपासून बंद. टीडीआय या विषारी रसायनाचा वापर, पर्यावरणाचे नियम, कायदेशीर जोखीम अशी कारणे त्यात होती. अमेरिकेतले बहुतेक ब्लँक त्या एका कारखान्यातून येत असत. काँक्रीटचे साचे फोडून टाकण्यात आले. शेपर मंडळी त्या दिवसाला ‘ब्लँक मंडे’ म्हणतात. आमच्या शेपरांकडे त्या दिवशी अकरा ब्लँक शिल्लक होते. ते म्हणाले, “मी तीस वर्षे स्वतःला मोकळा माणूस समजत होतो. त्या दिवशी कळले की एका माणसाने दार बंद केले तर मी अकरा बोर्डांचा मालक आहे.”

ते अकरा बोर्ड त्यांनी चार महिने पुरवले. नवे कारखाने निघेपर्यंत बाहेरून मिळेल तो, वेगळ्या घनतेचा, वेगळ्या बाकाचा फेस घेतला आणि मग एक चमत्कारिक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. जुन्या ब्लँकमध्ये जे बाक आयते मिळत होते त्यांना ते इतकी वर्षे स्वतःची शैली समजत होते. नव्या फेसावर हात तेच, साचा तोच, पण बोर्ड वेगळा होऊ लागला. शैलीतला किती भाग आपला आणि किती आपल्याला मिळालेल्या सामग्रीचा, हे सामग्री गेल्याशिवाय कळत नाही. परभाषेत राहून मराठी लिहिणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

२०१६ साली त्यांच्या उजव्या खांद्याने असहकार पुकारला. आयुष्यभर फेसाची भुकटी श्वासात गेल्याने खोकलाही होताच. तोवर बहुतेक मोठ्या नावांचे बोर्ड यंत्राने कापले जात होते : संगणकावर आकार तयार करायचा, त्याची फाइल यंत्राला द्यायची, ते ब्लँक कोरून देते आणि वर राहिलेल्या बारीक नांगरटीसारख्या रेघा हाताने घासून काढायच्या. त्यांनी मला विचारले, “तुझा धंदाच हा आहे. माझे काही बोर्ड तू संगणकात घालून देशील का?” मला आनंद झाला. खरे सांगायचे तर अभिमान वाटला. किती शनिवार आम्ही त्या निळ्या खोलीत बसलो : त्यांनी निवडलेले चौदा बोर्ड, दर काही इंचांवर रुंदी, जाडी, बाक यांची मापे, कडांचे छेद. मी आकडे भरत होतो आणि ते पडद्यावरच्या रेषेकडे बघत ‘इथे पोट जास्त आहे’ असे म्हणत होते. त्यात माझा ७ फूट ४ इंचीही होता.

तेव्हा माझ्या मनात एकनाथांचे काम होते, हे कबूल करतो. हातोहात नकला होऊन ज्ञानेश्वरीत अपपाठ शिरले, म्हणून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ती शुद्ध करून प्रमाण पाठ सिद्ध केला. मीही एक संहिता वाचवतो आहे, अशी माझी समजूत होती. पहिली फाइल यंत्राकडे गेली आणि कोरलेला ब्लँक परत आला. त्यांनी रेघा घासल्या, दिवे लावले, तळवा फिरवला. तळवा कुठेही थांबला नाही. ते म्हणाले, “बरोबर आहे.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “पण हा मी त्या दिवशी केलेला बोर्ड आहे. आज केला असता तर असा केला नसता.”

माझी समजूत कुठे चुकली ते त्या वाक्याने कळले. हातातल्या कामाचे नाते ज्ञानेश्वरीच्या पाठाशी नव्हते, जात्यावरच्या ओवीशी होते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पाने खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवून ठेवल्या. ते काम झाले नसते तर, घरोघर गिरणीचे पीठ आल्यावर, त्यातले बहुतेक सारे पुसले गेले असते. पण गाणाऱ्या बाईला विचारा, यातली खरी ओवी कोणती? ती म्हणेल, आज जी आली ती. उद्या लेक माहेरी आली, भाऊ आला नाही, पाऊस लांबला, की एखादा शब्द सरकतो. लिहून घेतली म्हणजे ती त्या सकाळची ओवी होऊन थांबते. नोंद खोटी नसते. ती फक्त थांबलेली असते. अर्धे सूत सरकवणारी सकाळ तिच्यात येत नाही. म्हणून नोंद करू नये, असे मी म्हणणार नाही. मी ती केली आहे, आणि पुन्हा करीन. पण आपण काय जपून ठेवले याबद्दल निदान स्वतःला फसवू नये.

त्यांनी २०१९ मध्ये खोली सोडली. रंधा एका तरुण शेपरला दिला, साचे भिंतीवरून उतरवून घरी नेले. चौदा फाइली माझ्याकडे राहिल्या. एका कंपनीने त्या विकत घेण्याबद्दल विचारणा केली. मी त्यांना कळवले, तेव्हा ते म्हणाले, “अँडरसनने किती घेतले होते?” आणि फोन ठेवला. याचा अर्थ फुकट दे असा की देऊ नकोस असा, हे मला आजही सांगता येत नाही. मी अजून कोणाला काही दिलेले नाही, आणि हे जपणे आहे की अडवून ठेवणे, हा प्रश्न मला अधूनमधून टोचतो.

मागच्या वर्षी माझा जुना बोर्ड खडकावर आपटून मधोमध मोडला. मी सोपा मार्ग घेतला. फाइल होतीच, ती यंत्रावर पाठवली, घासून घेतली, कापड चढवून घेतले. नवा बोर्ड जुन्याशी तंतोतंत जुळत होता. मी स्वतः मापे घेऊन पाहिली. फक्त सही नव्हती. पहिल्याच सकाळी ध्यानात आले की काहीतरी बिनसले आहे. लाट धरताना उशीर होत होता. उभा राहायला गेलो की गुडघ्यावर नको तेवढा भार येत होता. महिनाभर मी यंत्राला, फेसाला, समुद्राला दोष दिला. मग बोर्ड गाडीवर बांधून त्यांच्या घरी गेलो.

ते अंगणात खुर्चीवर बसले होते. मी बोर्ड त्यांच्या गुडघ्यांवर आडवा ठेवला. त्यांनी नाकापासून शेपटीपर्यंत तळवा नेला, उलटून परत आणला. चूक शोधत आहेत असे मला वाटले. “बोर्डात काही नाही,” ते म्हणाले. “२०११ चा आहे, तसाच आहे.” मग शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढली, शेजारी पडलेल्या बिलाचा पाकिटाएवढा तुकडा घेतला आणि माझ्याकडे न बघता विचारले, “आता वजन किती?”